धूर निघालाच नव्हता

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर हाच किस्सा माझ्या तोंडून ऐकून हसलाही असाल.

तशा माझ्या फजित्या मी लपवत नाही. कंडक्टर असताना मंठ्याच्या स्टँडवर मी भलत्याच गाडीत चढून डबल बेल दिली होती, आणि माझी गाडी माझी वाट बघत उभी — हेही मीच गावभर केलं. मग एकाच फजितीची लाज का वाटावी?

एका लग्नात, मांडवामागं, मी सोड्याची बाटली दातानं उघडायला गेलो. टोपण जागेवर राहिलं, सुळा हातात आला. कुणी पाहिलं नाही. महिनाभर मिशीआड ते खिंडार झाकलं. बाकीच्या फजित्यांत मी वेंधळा ठरायचो — हिच्यात म्हातारा ठरलो असतो.

हिरड्यांतून रक्तही येत होतं, म्हणून जालन्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दातांवरचं किटण खरवडून काढलं, मग हिरडीच्या फटीत लेझरची बारीक तार फिरवली. म्हणाल्या, खरं काम साफसफाईचं, लेझर जोडीला. दुखलं नाही. तंबाखू सोडली, दोन-तीन महिन्यांत रक्त थांबलं. लेझरनं की खरवडण्यानं, ते त्या जाणोत. मी बरा झालो. आता सांगा — माणूस बरा झाला, याचा कधी किस्सा होतो का?

म्हणून मी तो रचला. तोंडातून धूर निघाला, बाईंनी पंखा लावला, नर्स पाणी घेऊन पळत आली, आणि धूर निवळल्यावर बघतात तर सुळा गायब! लोक पोट धरून हसले. बाटलीचं पाप लेझरवर गेलं. कुणाचं काय बिघडलं — असं मला वाटलं.

आक्का, माझी थोरली बहीण, जाफराबादला असते. तिला शुगर, हिरड्या सुजलेल्या, दात हलायला लागलेले. भाच्यानं त्याच बाईंकडे तिचा नंबर लावला होता. तिच्या नातवाच्या बारशाला गेलो, तेव्हा जेवणं झाल्यावर तिनं मला धान्याच्या खोलीत नेलं. तिथं तिसरं कुणी नव्हतं — हे लक्षात ठेवा.

"बापू, खरं सांग. धूर निघाल्ता का?"

ती हसत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. नुसतं 'न्हाई' म्हणायचं होतं. कुणी ऐकलं नसतं. माझी गंमत बाहेर तशीच चालू राहिली असती. आणि मी काय म्हणालो?

"निघाल्ता म्हंजी? दोन दिवस बोलाया तोंड उघडलं की धूर, आक्का!"

आता मात्र ती हसली. "मंग मी न्हाई जात, बाप्पा."

ती गेली नाही. मला फोन करता आला असता, भाच्याला सांगता आलं असतं. उद्या सांगू म्हणालो — रोज. दीड वर्षात तिचे बरेचसे दात गेले, एकेक करून. उरलेले काढावे लागले. उपचार घेतले असते तर वाचलेच असते, असं म्हणत नाही. ते कळायची संधीच मी ठेवली नाही. कवळी तिच्या हिरड्यांना लागते. ती दुधात भाकर कालवून खाते. आणि शेजारणींना सांगते, "बापूनं येळेवर सांगितलं म्हणून, न्हाई तर भाजलंच असतं तोंड."

गेल्या भाऊबीजेला आक्काकडे ओवाळून झाल्यावर तिच्या सुनेच्या माहेरची माणसं बसली होती. आक्का त्यांना म्हणाली, "आमच्या बापूला लेझरचं विचारा की." तोंडावर पदर धरून ती आधीच हसायला लागली होती.

मी सांगितलं. पंखा, नर्स, सगळं. या खेपेला धूर खिडकीतून पार रस्त्यावर गेला, असंही जोडलं.