उंबऱ्याशी बसलेला नातू

मंडळी, दुपारपासून मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहितेय.

गणपतीसाठी मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू मुंबईहून रत्नागिरीला आलेत. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात होतो. नैवेद्य दाखवेपर्यंत आम्हाला कुणी शिवायचं नाही. आज मी आणि सून मोदक वळत होतो. मुलगा वाडीत घरोघरच्या आरत्यांना गेलेला.

नातू झोपेतून उठला आणि रडत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला. आईने घ्यावं म्हणून हात पसरले. सून उठणार, एवढ्यात मीच म्हटलं, "शिवू नको हां बाळा, आई सोवळ्यात आहे."

ती मान खाली घालून मोदक वळत राहिली. तो रडून रडून तिथेच बसला.

नैवेद्य दाखवून झाल्यावर सुनेने त्याला जवळ बोलावलं. तो जागचा हलला नाही. हात पाठीमागे धरून विचारलं, "आता शिवू?"

मला मोदक खाववला नाही. याच उंबऱ्याशी त्याचा बापही असाच बसायचा, आणि तेव्हा मला माझ्या सासूचा राग यायचा.

उद्या नैवेद्याला मी एकटी बसेन. मोदक पाचच झाले तरी चालतील.

तुमच्याकडे नैवेद्य होईपर्यंत लहान मूल कुणाच्या कडेवर असतं?