लोकरीचे मोजे

परंड्याचा आबासाहेब ढवण हमद पोर्टवर क्रेनचा मेकॅनिक आहे. तेरा वर्षं कतारमध्ये काढली, पण आमच्या खोलीत तो कधी चार शब्द बोलला असेल तर शपथ. गेल्या एप्रिलमध्ये कंपनीने त्याला ट्रेनिंगसाठी पोलंडला पाठवलं, आणि परत आल्यापासून त्याचं तोंड थांबत नाही.

तिथला फोरमन मारेक त्याला रविवारी बुग नदीकाठी घेऊन गेला. खांबाखांबांवर करकोच्यांची घरटी, पुराच्या पाण्यात उभी कुरणं आणि एका खेड्यात तीनशे वर्षांचं लाकडी चर्च. देवाचं घर म्हणून आबासाहेबाने दाराशीच बूट आणि मोजे काढले आणि बर्फासारख्या फळ्यांवरून अनवाणी आत गेला. मारेक हसला. चर्चची चावी सांभाळणारी म्हातारी मात्र हसली नाही. ती घरी गेली, स्वतः विणलेले लोकरीचे मोजे घेऊन आली आणि खाली बसून तिने ते त्याच्या पायांत चढवले.

आता दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, हा गडी एसी सोळावर आणतो आणि तेच मोजे घालून बसतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री! परवा माझी सटकलीच.

"आबा, खलास, बस झालं! गारठवून मारतोस का आम्हाला?"

तो पायांकडे बघत म्हणाला, "आई गेल्यापासून माझे पाय गार पडलेत का, हे कुणी बघितलंच नव्हतं रे."

मी चादर अंगावर ओढली. रिमोट त्याच्याकडेच राहू दिला.