हळदकुंकू लावलेलं भंगार

बाबांची अम्बॅसिडर वाचवायची म्हणून मी दुसरी अम्बॅसिडर विकत घेतली, कापून तिचे भाग काढायला. एवढी साधी गोष्ट. पण आमच्या घरात साधी गोष्ट साधी राहील तर शपथ.

बाबा टॅक्सी चालवायचे. वर्ध्याहून नागपूरला पेशंट न्यायचे, लग्नसराईत नवरदेव न्यायचे, आणि उभ्या आयुष्यात ही एकच गाडी वापरली. परत आले की फाटकापाशी दोनदा हॉर्न द्यायचे. तो ऐकला की आई चहाचं आधण ठेवून बाहेर यायची. ते गेल्यावर गाडी बोरगाव मेघेतल्या आमच्या घराशेजारी टिनाच्या शेडमध्ये तीन वर्षं उभी राहिली. इंजिन ठणठणीत होतं, कारण बाबांनी शेवटच्या वर्षात ते पुरतं बांधून घेतलं होतं. खालचा पत्रा मात्र गंजून गेला होता. एक दिवस मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, पाय टेकवला, तर पाय सरळ जमिनीला लागला.

शेडच्या जागेवर धाकट्या भावाचा डोळा होता. सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शिकणारी पोरं आमच्या भागात खोल्या शोधत फिरतात, तर एक खोली बांधू, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हती, आणि भावाचं नेहमी बरोबरच असतं याचाच मला राग येतो. शेवटी ठरलं ते असं: दसऱ्यापर्यंत बाबांची गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकातून आत आली तर राहील. नाही आली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल आणि खोलीचा पाया खोदायला सुरुवात होईल. मी हो म्हणून बसलो. हातात दोन महिने होते.

मिस्त्रीनं गाडी ओढून आपल्या गॅरेजात नेली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, ठिगळं लावून काई होत नाई आता. अशीच दुसरी पाहा एखादी. तिचा पुरा तळ कापून इकडे बसवतो."

जाम गावी रस्त्याकडेच्या भंगाराच्या अड्ड्यावर ती मिळाली. बाबांच्या गाडीसारखीच पांढरी, काचा शाबूत, तळ दणदणीत. इंजिन मात्र नव्हतं. कोणीतरी ते आधीच काढून नेलं होतं. मिस्त्रीनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि लगेच डोकं चालवलं. "कापता काऊन? इंजिन याच्यात टाकू, नंबर प्लेट बदलवू. कोन पाहून राह्यलं?" मी शाळेत विज्ञान शिकवतो, पोरांना कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर काढतो, आणि हा मला गाडीची कॉपी करायला सांगतो. शिवाय मग ती बाबांची गाडी कशी राहिली असती? मी त्याला तिथेच झापलं. तो हसला. मी झापतो तेव्हा लोक हसतात, हा माझा जुना त्रास आहे.

तिला दोरानं ओढत घरी आणायची होती, कारण मिस्त्रीच्या गॅरेजात दोन गाड्यांना जागा नव्हती. पुढे एका टेम्पोला दोर बांधला आणि मागे हिच्या स्टेअरिंगवर मी बसलो. जामपासून घरापर्यंत बिनइंजिनाच्या गाडीचा ब्रेक दाबत येणं काय असतं ते मलाच ठाऊक. दुपारी फाटकापाशी पोचलो तेव्हा तोंडात धूळ आणि पायात गोळे होते. दोर सोडला, गल्लीतल्या चौघांनी मागून ढकललं आणि गाडी फाटकातून आत आली.

समोर आई उभी. हातात ताट.

तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन कर म्हटलं की "आता काय पाहाचं राह्यलं" असं म्हणते. मी गाडी आणायला गेलोय एवढंच तिला माहीत होतं, आणि दिसलं काय, तर पांढरी अम्बॅसिडर आत आली आणि स्टेअरिंगवर आपला मुलगा. तिला वाटलं, झाली गाडी. मी उतरेपर्यंत तिनं चाकांवर पाणी ओतलं होतं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, हळद लावली होती, दारावरचा झेंडूचा हार काढून आरशाला अडकवला होता. नारळ फोडून झाला होता. रडतही होती.

"आई, ही बाबांची नाही," मी म्हणालो. "हे भंगार आहे. कापायला आणलंय."

ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. गल्लीतले चौघे नारळाचे तुकडे खात होते. माझं डोकं इतकं फिरलं की मी हातपाय न धुता आत जाऊन झोपलो.

खरा ताप पुढे सुरू झाला. आठवड्यानं गॅसकटरवाला आला. त्यानं सिलिंडर उतरवलं, नळी जोडली, मग बॉनेटकडे नजर गेली आणि नळी पुन्हा गुंडाळायला लागला. "गुरुजी, हे तं पुजलेली हाय. पुजलेल्या गाडीले मी गॅस लावत नसतो." मी म्हटलं, अरे, हिला इंजिन नाही, कागद नाहीत, हिला भंगारातून आणलंय. तो म्हणाला, ते सगळं खरं, पण नारळ फुटला ना. मी पेट्रोलचं फडकं घेऊन स्वस्तिक पुसलं. त्यावर तो आणखी बिचकला आणि निघून गेला.

दुसऱ्याला सावंगीकडून बोलावलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तो आला तेव्हा आई शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली होती. तिनंच त्याला सगळं सांगितलं, वर चहा पाजून परत पाठवला.

मग मिस्त्रीनं तोड काढली. "मायले म्हना, उत्तरपूजा करा. गनपती उठवते तशी. मंग कोनीबी कापंल." इतकं शहाणपण त्याला आधी का सुचलं नाही, देव जाणे. दसऱ्याला तीन आठवडे उरले होते. मी आईकडे गेलो.

"नाई," ती म्हणाली. "माही नजर चुकली, कबूल हाय. पन कुंकू तं खोटं नोहतं. दारात आली, ओवाळली, चाकावर पानी टाकलं. आता पावन्याले कापतं का तू?"

मी तेव्हा जे बोललो ते चांगलं नव्हतं. म्हणालो, ठीक, नाही कापत. दसरा उलटला की बाबांची गाडी किलोवर जाईल, मग बस या पाहुण्याला घेऊन. हेही म्हणालो की नवऱ्याचे डोळे दान केलेस आणि स्वतःच्या डोळ्यांचं ऑपरेशन करत नाहीस, म्हणून हा सगळा घोळ झाला. बोलून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली, पण माफी मागायला जीभ वळली नाही. असा मी आहे.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी डबा भरत होतो तेव्हा स्वयंपाकघरातच बोलायला लागली.

"तुहे बाबा गेले त्या दुपारी डोये न्याले ते लोक आले होते. तू अंगनात फोनवर कोनावर तरी ओरडून राह्यला होता. त्यायच्यात एक लहानशी डॉक्टर पोरगी होती. मी दारातून पाह्यलं, तिनं पयले हात जोडले. चांगली घडीभर उभी राह्यली, अन् मंग पेटी उघडली. म्हनून मले काई वाटलं नाई. नाई तं मी डोये नेऊ देले नसते. तुहा तो कटरवाला जोडते का हात?"

मी डोक्याला हात लावला. आता गॅसकटरवाल्याला हे कोण सांगणार? मी शिकलेला माणूस, शाळेत माझा धाक आहे, आणि मला एका बाप्याला फोन करून म्हणायचं होतं की बाबा रे, भंगाराला आधी नमस्कार कर. दिवसभर टाळलं. संध्याकाळी पहिल्याच कटरवाल्याला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी एका दमात सांगून टाकलं.

"एवढंच ना," तो म्हणाला. "ते तं मी करतोच. नव्या कामाले हात लावाच्या आंधी करतोच."

रविवारी सकाळी आईनं उत्तरपूजा केली. बॉनेटवर अक्षता टाकल्या, गणपतीला जाताना देतात तसं दही ठेवलं, आणि दोन्ही हातांनी गाडी हलवायला गेली. ती हलेना. मग मी आणि भावानं मागून जोर लावून ती बोटभर सरकवली. कटरवाल्यानं चप्पल काढली, हात जोडले, आणि खरंच घडीभर उभा राहिला. भाऊही उभा राहिला. मी घड्याळ पाहत होतो. मग गॅस पेटला आणि आई आत गेली.

पुढचे पंधरा दिवस मिस्त्रीनं माझं रक्त आटवलं. तळ बसला तर दार बसेना. बाबांच्या गाडीचं मागचं डावं दार खालून सडलेलं निघालं, म्हणून तेही कापलेल्या गाडीचं लावलं. दोन पांढऱ्यांत फरक आहे हे मला बसवल्यावर दिसलं. वायरिंग तिचं, रेडिएटर तिचा. हॉर्न गंजून बंद पडला होता, तर तोही तिचाच घेतला. इंजिन, डॅशबोर्ड, पुढची सीट आणि चेसिसवरचा नंबर बाबांचा. प्रत्येक वेळी मिस्त्री म्हणायचा, "होऊन राह्यलं, मास्तर," आणि प्रत्येक वेळी झालेलं नसायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चार वाजता गाडी सुरू झाली. मी एकटाच ती चालवत घरी आणली. फाटकापाशी आलो आणि बाबांसारखा दोनदा हॉर्न दिला.

कोणी आलं नाही. पुन्हा दिला. शेजारचे आले, भाऊ आला, त्यानं फाटक उघडलं, गाडी आत आली. भाऊ खोलीसाठी शेडमध्ये आणून टाकलेल्या सळ्या उचलून बाजूला ठेवायला लागला. आई नाही. इतकं मरमर केलं, आणि जिच्यासाठी केलं तिला उठून बाहेर येववत नाही. तणतणत आत गेलो. ती आपली लसूण सोलत बसली होती.

"हॉर्न ऐकू आला नाही?"

"आला. पन तो तुह्या बाबाचा नोहता. मले वाटलं, दुसरं कोनी आलं."

"त्यांचा खराब झाला होता. हा त्या गाडीचा आहे."

मग तिनं पदराला बोटं पुसली. "असू दे," ती म्हणाली. "ज्याले त्यायचे डोये बसवले, तोबी आपल्याले कुठं ओयखते. पाहून राह्यला ना, बस झालं. चाल, बसव मले."

मी हात पुढे केला. तिला धरून बाहेर आणलं आणि मागचं डावं दार उघडलं. तिनं हात फिरवून पत्रा चाचपला, कुठल्या गाडीचा ते तिला बरोबर कळलं, आणि चढण्याआधी तिनं हात जोडले.

मी पुढे जाऊन बाबांच्या सीटवर बसलो. ती डॉक्टर पोरगी आली तेव्हा मी अंगणात होतो. कटरवाला उभा होता तेव्हा घड्याळ पाहत होतो. किल्ली फिरवायच्या आधी मी आरशात पाहिलं. मागे बसलेल्या आईला मी काय करतो ते दिसणार नव्हतं. तेव्हा मीही हात जोडले.