कच्चा टाका

चितेगावच्या आमच्या कारखान्यात रिक्षाच्या बॅटऱ्या तयार होत. बाहेर दुष्काळाची वर्षं होती. पैठण रोडला टँकरमागे घागरी पळत, आणि शहर शेतं गिळत आमच्याकडे सरकत होतं. आत मात्र सदा गारवा. हिरव्या काचेपलीकडे लेझरचा ठिपका सेलच्या टोकांवर अॅल्युमिनियमची पट्टी जोडत जाई. चांदणं कुणी सुईत ओवलंय, असं वाटे. मी पाहत राही.

त्या जोडाला 'टाका' म्हणायला मशीनवरच्या बाईंनी सुरुवात केली. त्या आधी देवगाव रंगारीला ब्लाउज शिवत. सगळ्यांनी तो शब्द उचलला. मीही, त्यांचा सुपरवायझर.

लेझर थंड ठेवायला आत पाणी फिरे. त्या म्हणत, "आमच्या गल्लीत टँकर येईना, अन् ह्याला बसल्या जागी गार पाणी! पुढल्या जन्मी मशीनच व्हावं."

"तेव्हाही सुपरवायझर मीच असणार."

"मग नगं बाई!"

एका दुपारी मी फोनवर टँकरवाल्याशी भांडत होतो. बाईंनी विचारलं, "साहेब, एक टाका कच्चा निघालाय. काय करू?"

"टाका," मी म्हणालो.

भंगारात टाका, असं मला म्हणायचं होतं. त्यांनी त्याच जागी दुसरा टाका घातला. लेझर पट्टीतून आरपार सेलमध्ये उतरला. आधी गोडसर वास आला, मग धूर. आम्ही सगळे बाहेर पळालो. कुणाला इजा झाली नाही, पण मशीन जळालं.

मॅनेजरनं विचारलं, "पुन्हा जोडायला तुम्ही सांगितलंत?"

"नाही."

"साहेब, तुम्ही 'टाका' म्हणलात ना?" बाई म्हणाल्या.

मी काळवंडलेल्या काचेकडे पाहत उभा राहिलो. मनातला अर्थ खरा होता, म्हणून गप्प बसणं सोपं गेलं. त्यांना कामावरून काढलं. जाताना त्यांनी डोळ्यांवरचा हिरवा चष्मा पुसून जागेवर ठेवला.

आता दारावरून बॅटरीच्या रिक्षा आवाज न करता जातात. डुलकी लागली की तो ठिपका दिसतो, पट्टीवरून सावकाश सरकणारा, आणि त्या मान न वळवता विचारतात, काय करू? मी तोंड उघडतो, तर तोच शब्द येतो.

कारखान्याच्या लेखी त्यांनी न विचारता मशीन चालवलं. तसं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, आणि त्यांनी ऐकलं तेच मी बोललो होतो.