ब्लूजवाल्या मावशी

मावशींच्या घरी रेकॉर्डवर गाणं चालू असलं की दार उघडत नसे. काचेपलीकडून त्या नुसता हात दाखवायच्या: थांब. ओहायोच्या थंडीत, हातात श्रीखंडाचा डबा घेऊन, मी त्यांच्या पायरीवर चांगलाच कुडकुडलो आहे. दार उघडल्यावर सॉरी वगैरे काही नाही. "अरे, जेवत्या माणसाला पानावरून उठवतोस का तू? मग गात्या माणसाला मध्येच कसं थांबवायचं?"

मावशी मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर कोलंबसमधल्या, कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत पार्सलं बांधू लागल्या. कोलंबसला लागून असलेल्या आमच्या डब्लिनमधल्या मराठी बायकांनी नाकं मुरडली. इंजिनिअरची बायको आणि खोकी चिकटवते! पण मावशी खोकी चिकटवता चिकटवता सगळं ऐकत होत्या. पुढे पुढे म्हातारा मालक कुठलीही नवी रेकॉर्ड काढण्याआधी त्यांना ऐकवायला लागला. ब्लूज म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं. "रडायचं, पण ताल सोडायचा नाही," त्या म्हणाल्या आणि कुकर बंद करायला गेल्या.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, हौसेने पेटी वाजवायचे. एका गिटारवाल्याने त्यांना हट्टाने आपल्या गाण्यात साथीला बसवलं होतं. काकांची तेवढीच रेकॉर्ड. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी कंपनीच्या वर्धापनदिनाला निवडक गाण्यांची रेकॉर्ड काढायचं ठरलं, निवड मावशींकडे आली आणि तिच्यात काकांचं गाणंही आलं. मावशींनी गावभर सांगितलं. अ‍ॅशबर्न गावी राहणारा नातू, मुलीचा मुलगा, फोनवर ओरडला, "आजोबा ऑन व्हायनल? नो वे!"

घोडं अडलं जागेवर. रेकॉर्डच्या एका बाजूला मोजकीच मिनिटं मावतात आणि त्या बाजूचं शेवटचं गाणं भलतंच लांब होतं. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एका बाईचं. आता कारभार पाहणारा मालकाचा मुलगा म्हणाला, अर्ध्यावर आवाज हळूहळू कमी करून संपवू, कोणाला कळणार आहे? ती बाई वारली होती, मागे कोणी नव्हतं. मावशींनी तोंडावर नाही म्हटलं. "मग दुसरं एखादं गाळा," तो म्हणाला. बाकीची गाणी नामवंतांची, रेकॉर्ड खपणार ती त्यांच्याच जोरावर. मावशींनी काकांचं गाणं गाळलं.

रेकॉर्ड हातात आली तेव्हा मी कव्हरवर काकांचं नाव शोधत बसलो. सापडलं नाही तेव्हा खरंच राग आला.

"कमाल करता मावशी! ते गाणं थोडं कट केलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तिचं तेवढं एकच आहे रे."

"काकांचंही एकच आहे."

"ह्यांचं ऐकायला मी आहे ना घरात. तिचं कोण ऐकणार?"

मी उठून पाणी प्यायलो.

या उन्हाळ्यात मावशी कायमच्या मुलीकडे राहायला गेल्या. सामान ट्रकने पुढे गेलं होतं. काकांची जुनी रेकॉर्ड मात्र त्यांनी कोणाच्या हाती दिली नाही, गाडीत मांडीवर घेऊन बसल्या. मी बेल्ट लावून दिला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"पोराला आजोबा ऐकवायचेत," म्हणाल्या. "मी आहे तोवर."