ओरग कोण होते

न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डाबाहेर चांगदेवचा ट्रेलर कालपासून उभा होता. पुढे साठ-सत्तर गाड्या. कंबर धरलेली, डोळे चुरचुरत होते. पण दुपारच्या उन्हात केबिनमध्ये झोप काही लागेना. शेवटी त्याने सीटमागून ते जुनं पुस्तक काढलं. बायकोने, काशीने, माळा आवरताना ते रद्दीत टाकलं होतं; त्याने परत उचललं.

टीव्हीवरच्या एका अंतराळ-मालिकेवरून निघालेली ती कादंबरी. दहा-बारा वर्षांचा असताना त्याने ती जवळजवळ पाठच केली होती. त्यातले ओरग म्हणजे परग्रहावरचे खवल्यांचे लोक. माणसांच्या छावणीचे नळ फोडणारे, तारा तोडणारे. गावच्या मिठागरावर पोरं तोच खेळ खेळायची. चांगदेव कप्तान. शेजारचा दादू सगळ्यांत काळा, म्हणून ओरग कायम तोच. अंगाला चिखल फासून पळायचं आणि शेवटी मिठाच्या राशीवर मरून पडायचं.

चाळिसाव्या पानावर चांगदेव थबकला. ओरगांचा म्हातारा कप्तानाला विनवतो, ‘आमची पोरं रोज खाऱ्या पाण्यात उतरली नाहीत तर त्यांची कातडी फाटते. वाट तेवढी सोडा.’ कप्तान हसतो. पुढच्या पानावर कुंपण उभं.

हे त्याने तेव्हा वाचलं असणारच. आठवत मात्र नव्हतं. त्याने पानं चाळली. अख्ख्या पुस्तकात एकाही ओरगाला नाव नव्हतं. मेलेल्या प्रत्येक ओरगापुढे पेन्सिलीची फुली होती. त्याच्याच हातची.

दादू आता रेवदंड्याला रिक्षा चालवायचा. चांगदेवने फोन लावला.

“दादू, ते ओरग वाईट नव्हते रं.”

“कोन?”

“पुस्तकातले. आपुन खेळायचो ते. त्यांना निस्ती पान्याकडं जायाची वाट पायजे होती.”

पलीकडे रिक्षाचं इंजिन बंद झालं.

“मी कुठं वाचलंय ते? तू मर म्हनायचास, मी मरायचो. मिठावर पडलं की खरचटलेलं लय झोंबायचं.”

“मंग येयाचास कशाला खेळायला?”

“दुसरं कोन बोलवत होतं मना?”

चांगदेवने पुस्तक मिटलं. “रविवारी येतो तिकडं,” तो कसाबसा म्हणाला.

“रविवारी फिरायला येनाऱ्या पाहुन्यांची गर्दी असते, भाडी असतात. सोमवारी ये.”

सोमवारी तो खरोखरच गेला. वाटेत ‘चुकलं माजं’ हे शब्द त्याने चार वेळा मनात जुळवले होते. पण दादू सकाळपासून रिक्षा चालवून दमलेला, आणि चांगदेव तरी कुठे ताजा होता? बांगड्याचं कालवण, भात जेवून दोघे ओटीवर आडवे झाले. मग वर कौलांकडे बघत चांगदेव ते बोलला.

“व्हय,” दादू डोळे मिटूनच म्हणाला, “चुकलंच तुजं.” आणि आपल्याजवळचा पंखा त्याने थोडा चांगदेवकडे वळवला.