भरलेला काठ

बाळकुमच्या खाडीकडच्या शेवटच्या आळीत सगुणाबाई एकटी राहते. एके काळी तिच्या ओट्यावरून पाणी दिसायचं. आता समोर सव्वीस मजल्यांचा टॉवर उभा आहे आणि पाण्याचा नुसता वास येतो, तोही ओहोटीला. नवरा, धोंडीबा, जाऊन अकरा वर्षं झाली. मूल नाही. दिवस दिवस तिला कुणी नावानं हाक मारत नाही.

मात्र वर्षातून एकदा, नारळी पुनवेला, गावदेवीच्या मंडपात तिच्या हाती माइक येतो. आधी धोंडीबाचा पुतण्या साईनाथ त्यानेच लिहिलेल्या स्मरणिकेतलं पान वाचतो, मग सगुणाबाई सांगते : पंचवीस वर्षांपूर्वी गावचा शेवटचा सोन्याचा नारळ माझ्या धन्यानं खाडीला वाहिला. बँड वाजत होता, अवघा गाव लोटला होता, आम्ही बायका काठावर गाणी म्हणत होतो. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांवर तिचं वर्ष निघतं.

यंदा स्मरणिका नव्यानं छापायची ठरली. साईनाथनं नौपाड्यात राहणाऱ्या, इतिहास शिकणाऱ्या प्राप्तीला पाठवलं. काकूच्या तोंडून प्रसंग लिहून घेतला की पुस्तकाला वजन येईल, असा त्याचा हिशेब.

प्राप्तीनं सगळं ऐकलं. तिच्या मांडीवर जुनी स्मरणिका होती आणि बोट ओळींवरून फिरत होतं.

"आजी, तुम्ही बोललात ते शब्दन् शब्द यात आहे. 'अवघा गाव लोटला'सुद्धा."

"मंग? खरं हाय म्हनून तर छापलं."

"की छापलं म्हणून तुम्ही तसं सांगताय?" पोरगी हसून म्हणाली. "असं बघा, ज्यानं पाहिलं त्यानं सांगितलं तर ते प्राथमिक साधन. ऐकून कुणी मागाहून लिहिलं, ते दुय्यम. दुय्यम म्हणजे खोटं नव्हे, पण ते पहिल्याशी ताडून बघायचं. आता ताडायला घरच्या तुम्ही एकट्या उरलात, आणि तुम्हीच मला पुस्तक सांगताय."

"म्हंजे जाल्यातला मासा आन् बर्फातला मासा," सगुणाबाई म्हणाली. "मना नको शिकवू गो. चालीस वर्सं मासली विकली. डोला बघून वलखते."

"मग बघा डोळा. त्या दिवशी तुमच्या शेजारी कोण बाई उभी होती?"

सगुणाबाईनं डोळे मिटले.

"काठ लांब चाललाय," ती हळूच म्हणाली. "देवलाचा झेंडा बारीक बारीक होतोय."

प्राप्तीचं पेन थांबलं. "काठावर उभं राहिलेल्याला काठ लांब जाताना कसा दिसेल, आजी?"

सगुणाबाईच्या मुठी मांडीवर आवळल्या होत्या, वल्ह्यांवर आवळाव्यात तशा. धोंडीबाचा खांदा त्या साली दुखावला होता. वल्ही तिनं मारली होती. तो समोर बसला होता, मांडीवर सोनेरी कागदात मढवलेला नारळ घेऊन, आणि त्याच्या पाठीमागचा काठ तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता. एक कुत्रं होतं. माणूस नव्हतं. होड्या उपड्या पडलेल्या. मासळीच उरली नाही तर सण कसला, म्हणून जो तो कामावर गेला होता.

स्मरणिका पहिल्यांदा वाचली गेली तेव्हा ती चुळबुळली होती. पण ऐकताना धोंडीबाचा चेहरा इतका फुलला की ती गप्प राहिली. मग वर्षं गेली, आणि सांगता सांगता ती होडीतून उतरून काठावर कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही.

सगुणाबाईनं हे सगळं प्राप्तीला सांगितलं, एवढ्यात छपाईची कच्ची पानं घेऊन साईनाथ आला. प्राप्तीनं सांगितलं तसा तो पानं मांडीवर घेऊन ओट्यावर बसला.

"काकू, गावानं पंचवीस वर्षं वाचलंय हे!"

"तू व्हतास काय रं काठावर?"

"मी ठाकुर्लीला कामावर गेलेलो. पण सगळे म्हणाले, आम्ही होतो."

"सगले कामावरच गेलेले."

साईनाथ मान खाली घालून नखानं पान कुरतडत राहिला. "मला लाज वाटलेली गं, काकू. काका एकटे गेले म्हणून. निदान कागदावर तरी त्यांच्यामागं गाव उभा केला. आता तो भरलेला काठ रिकामा करू?"

सगुणाबाईला त्याची दया आली. पुस्तकात राहिलं तर तिच्या दोन्ही बाजूंना बायका होत्या, गाणी होती, बँड होता. पण तिकडे होडीत धोंडीबा दुखऱ्या खांद्यानं एकटाच जात होता.

"तू तुजं छाप," ती म्हणाली. "खाली लिही, ऐकलेलं. आन् पोरी, माजं येगलं लिही, पाहिलेलं. होडीत दोगं व्हती. काठावर कोन नव्हता."

प्राप्तीनं लिहिलं, तारीख घातली. सगुणाबाईनं अंगठा उठवला.

त्या पुनवेला तिनं माइक घेतला नाही. ओट्यावरचा पाट फिरवून ती खाडीकडे पाठ करून बसली, वल्ही मारणारा बसतो तशी. समोर आळी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. मधे एका माणसापुरती जागा सोडून ती तिकडे बघत राहिली.